मध्ये पाच मिनिटं

सव्वीस वर्षांपूर्वी शिरोलीच्या फौंड्रीत
ओतकाम करताना लोखंडाचा एक थेंब
आप्पांच्या उजव्या डोळ्यावर उडाला.
पापणी भाजली, आखडली, पुरती मिटलीच नाही परत.
तेव्हापासून आप्पा एक डोळा किलकिला ठेवून झोपतात.
लहानपणी आम्ही दोघी बहिणी उशाशी उभ्या राहून
जीभ काढून बघायचो,
झोपलेत की बघतायत.

बुबुळावर फूल पडलेलं.
फूल! भाषेला तरी काय म्हणावं.

यंदा गुऱ्हाळं पेटली तेव्हा
फूल पिवळं दिसायला लागलं.
आधी पाणी, मग चिकट पाणी, मग उजेड सोसेना.
गंगावेशीतल्या मेडिकलवाल्यानं न बघताच एक बाटली दिली.
लाली दोन दिवसांत गेली.
तिसऱ्या रात्री आप्पा भिंतीला कपाळ लावून बसले.

सीपीआरमध्ये मॅडमनी रंग घातला, निळा उजेड टाकला,
जखम हिरवी पेटली.
तळाला पुवाची पांढरी रेघ.
सुईच्या टोकानं खरवडून काचेवर ओढलं, म्हणाल्या,
"जंतू धड भिंतीतनं सहसा शिरत नाहीत.
आधीच पडझड असते तिथनं येतात."
आप्पा म्हणाले, "मग ह्यास्नी पत्ता कुणी दिला?"
नंतर हळूच,
"तसंबी त्यातनं नुसता उजेडच दिसतोय. काढून टाका की."

मॅडमनी बॅटरी लावली.
कुठनं येतोय?
"वरनं."
आता?
"डावीकडनं."
"एवढं कळतंय ना, मग एवढं राखू."

दोन बाटल्या. दर तासाला, रात्रीपण.
आधी पांढऱ्या झाकणाची, मध्ये पाच मिनिटं, मग पिवळ्या.
फ्रिजमध्येच ठेवायच्या.

फ्रिज जैतुनबी मुजावरांचा,
जिन्याखालच्या खोलीत, दह्याच्या मडक्यांनी गच्च.
अकराला दार वाजवलं. बाराला वाजवलं.
एकला हात उचलला तर
दार नुसतं लोटलेलं. आत बल्ब चालू,
वरच्या कप्प्यातली मडकी खाली जमिनीवर,
आणि बाटल्या एका वाटीत उभ्या.
जैतुनबी पाठ करून झोपलेल्या, किंवा तसं दाखवत होत्या.

त्या पाच मिनिटांत करायचं काय?
दोनला आप्पांनी साच्यात वाळू कशी ठोकायची ते सांगितलं.
तीनला, रस लाल असताना घाई करायची नाही,
पांढरा होऊ द्यायचा.
चारला काहीच बोलले नाहीत.
मी पिवळं झाकण उघडलं तेव्हा म्हणाले,
"तुम्ही दोघी जीभ काढायचा.
मला दिसायचं सगळं, डाव्यानं."

महिन्यानं पू गेला.
फूल पहिल्यापेक्षा मोठं, दाट,
चुन्याच्या बोटासारखं.

अजून रोज रात्री डावा डोळा झाकून
मी बॅटरी धरते.
कुठनं?
"खालनं."
आता?
"उजवीकडनं."
आता?
जरा वेळ लागला.
"विझवलीयास की गं."