भाग सातवा

ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये, तिसऱ्या मजल्यावर
गाद्या भिंतीशी उभ्या करून आम्ही एक राज्य वसवलं.
पंखा बंद, फ्रिज बंद,
खाली वॉचमनला विनवलेलं : दोन तास पंप लावू नका.

सुपात तांदूळ फिरवले की खारदेशाचा समुद्र.
रेक्झिनची पिशवी झटकली की राजाचा रोहित पक्षी.
वेफर्सचं पाकीट चुरगाळलं की पेटलेलं गलबत.
प्रिस्का माठात तोंड घालून घोरायची,
तो मिठागराखाली निजलेला सर्प.

राजा म्हणजे नथानिएल काका,
रबाळ्याच्या कंपनीतून निवृत्त, दम्याचा पंप खिशात.
वाक्याच्या मध्येच त्यांचा श्वास अडायचा,
मुलांना वाटायचं, राजा विचार करून बोलतो.

आणि राजाचा दिवटीवाला ओबेद.
वेशीवर पहारेकरी विचारतात, तू त्याचाच ना?
तो म्हणतो, मी त्याला ओळखत नाही.
ही भूमिका मी त्याला दिली आवाज खणखणीत म्हणून,
असं मी सगळ्यांना सांगितलं.

जूनमध्ये दानाच्या थैलीतून पन्नास रुपये गेले होते.
संडेस्कूलच्या बावीस मुलांसमोर
त्याला उभं करून विचारणारी मीच.

ते एक वाक्य अकरा वेळा रेकॉर्ड केलं.
दर वेळी 'ओळखत'वर घसा बसायचा.
बाराव्या वेळी तो नीट बोलला, अगदी सहज,
आणि मला ते ऐकवेना.

सहाव्या भागाच्या शेवटी मी लिहिलं होतं :
दिवटीवाला खाडीच्या चिखलात रुततो. दिवटी विझते.
मग माझ्या आवाजात बोध,
"तर मुलांनो, विश्वासघाताचं फळ..."

ओबेदने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.
"टीचर, मग तो वर येतच नाही?"
मेला ना तो, मी म्हटलं.
"राजापण मेला होता की. पाचव्या भागात.
तो आला."

काका हसले, हसता हसता खोकले,
पंप ओढला, बराच वेळ गेला.
म्हणाले, पहाट कर. किनारा कर.
राजाला विस्तव पेटवू दे.
योहानात आहे बघ, तुला काय सांगायचं.

मला पाठ होतं. शिकवलंही होतं मी ते,
फळ्यावर, रंगीत खडूने, मासे एकशे त्रेपन्न.

भाग सातवा विजेच्या बिलामागे लिहिला गेला.
तव्यासाठी पाकीट चुरगाळून पाहिलं, पावसासारखं वाजलं.
कुकरची शिट्टी, वाळू, काहीच जमेना.
शेवटी दिवा कोळीवाड्यातून चार बांगडे आणले,
हळद, तिखट, रवा लावून
माइकला मोजा चढवला आणि तव्यापाशी धरला.
चर्र झालं, आणि प्रिस्का कुजबुजली, हे खरं आहे.

राजा त्याला का म्हणून विचारत नाही.
एवढंच म्हणतो : ये. (इथे काकांचा श्वास अडला.) जेवून घे.

ओबेदला वाक्य होतं, "क्षमा करा, महाराज."
तो विसरला. किंवा विसरला नसेल.
त्याने तुकडा मोडला, फुंकर घातली, खाल्ला,
काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.
सगळं रेकॉर्ड झालंय, चावणंसुद्धा.
बोधाचा कागद माझ्या हातात तेलकट होत गेला.
मी बटण बंद केलं नाही.

रविवारी चटईवर बसून मुलांनी ऐकलं.
सर्पाला सगळी घाबरली. शेवटी कोणी बोलेना.
मग सर्वांत धाकटा ॲझरिया :
"मासा कुठला होता?"
"बांगडा," मागून ओबेद म्हणाला.

त्याच्याशी मी अजून बोललेले नाही.
गाद्या पुन्हा पलंगावर गेल्यात,
उन्हात घातल्या, झटकल्या, चादरी बदलल्या,
तरी रात्री कूस वळले की येतो
तळलेल्या बांगड्याचा वास.