एकशे चौदावी पट्टी

उत्प्रेरक स्वतः बदलत नाही,
असं शाळेच्या पुस्तकात असतं.
पुस्तकवाल्यांनी माझी एकशे तेरावी पट्टी पाहिलेली नाही.
निकेलची, वर लोखंडाचा हलका हात फिरवलेली,
सतराव्या रात्री तळाशी तपकिरी गाळ सोडून
जुन्या चाळणीसारखी उभी.

पुंता अरेनास. जूनमध्ये सकाळी दहाला उजाडतं,
साडेपाचला मावळतं.
शेडचा पत्रा दिवसभर वाऱ्याला शिव्या घालतो
आणि आम्ही त्याच वाऱ्याचं खातो.
पाती फिरली की पाण्याचे वाटे होतात,
हायड्रोजन दुप्पट, घाईत;
पलीकडे ऑक्सिजन,
जो जाता जाता धातूचा घास घेतो.
इरिडियमचं नाव काढलं की द्रागोमिर पाकीट उलटं करून दाखवतो.
बसचं एक तिकीट पडतं.

बाहेरच्यांना वाटतं, इथला वारा कधी थांबत नाही.
हिवाळ्यात थांबतो.
वहीत तारखांशेजारी वाऱ्याचे आकडे मांडले
तेव्हा कुठे दिसलं
पट्ट्या कामानं मरत नव्हत्या.
वारा पडायचा, प्रवाह तुटायचा, उलटा फिरायचा,
त्या रिकाम्या तासांत त्या झिजत होत्या.

(वडिलांनी चाळीस हंगाम मेंढ्या कातरल्या,
दिवसाला दीडशे.
यंत्र खाली ठेवलं आणि पहिल्याच हिवाळ्यात
बोटं वळायची थांबली.
हे अहवालात लिहिलं नाही.)

एकशे चौदावीला दोन गोष्टी दिल्या.
वारा पडला तर बॅटरीतून जरासा प्रवाह,
झोपू द्यायचं नाही, नुसतं पेंगू द्यायचं.
आणि द्रावणातच चिमूटभर लोखंड,
जे सुटून जाईल त्याच्या जागी
दुसरं कुणी येऊन बसावं म्हणून.

ऑक्टोबर आलाय. ती अजून उभी आहे.
"तिच्यातलं मूळचं लोखंड किती उरलं असेल?" द्रागोमिर विचारतो.
बहुधा काहीच नाही.
क्रमांक मात्र तोच, खिळ्यानं कोरलेला.

रविवारी वडिलांना शेडवर आणलं.
स्टुलावर बसून बराच वेळ बुडबुडे बघत राहिले.
"हे काय, दूध उतू जातंय," म्हणाले.
मग उठले, पाना शोधला,
आणि आधीच घट्ट असलेला एक नट
दोन्ही हातांनी पुन्हा आवळला.