मुक्काम

इद्रियाच्या खाणीत वडिलांनी एकतीस वर्षं काढली,
त्यातली नऊ भट्टीवर.
जाताना अंगठी काढून ठेवायचे.
लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात विसरले,
बोटात घालूनच उतरले,
आणि वर आले तेव्हा सोनं पांढरं पडलेलं,
भूत बघितलेल्या माणसासारखं.

पाऱ्याला सोनं आवडतं,
एवढं मला शाळेत जायच्या आधीच ठाऊक होतं.
आणखी काय काय आवडतं त्याला
ते कळायला
वडिलांना मरावं लागलं.

त्यांच्या हातांना आधी समजलं असावं.
सुपाचा चमचा ताटलीतून भरून निघे,
ओठांशी पोचेतो निम्मा.
समोर आई लेस विणत बसलेली,
लोडावर छत्तीस लाकडी बॉबिन,
टकटक, टकटक, एक टाका चुकत नसे.
मधे मी, गृहपाठाची वही घेऊन.
वहीवर सही करायची म्हटली
की लोव्रो लिहिता लिहिता
ते नदी काढायचे.

कधी पारा चढायचा त्यांचा.
बशी भिंतीवर, मग तासभर रडणं,
पाहुणे आले की मागच्या दारानं पळणं.
आम्ही म्हणायचो, स्वभाव.

ते गेले त्या संध्याकाळी
डॉक्टर येरास टोपी हातात धरून दारात उभे राहिले.
तपासायला थोडं थोडं हवं होतं,
आतलं.
आई म्हणाली, न्या.
मोजून न्या, मोजून परत आणा.

ल्युब्लियानाहून पत्र यायला चौदा महिने लागले.
मूत्रपिंडात इतका.
थायरॉइडमध्ये त्याच्याही वर.
मेंदूत कमी, पण तिथून उठायची घाई नसलेला.
आणि पीयूषिकेत,
वाटाण्याएवढी ग्रंथी, नावातच अमृत,
तिथे तर बिऱ्हाड थाटून बसलेला.
एकटा नव्हता.
सेलेनियमचा हात धरून होता, अणूला अणू.
डॉक्टर म्हणाले, कदाचित म्हणूनच इतकी वर्षं तगले.
म्हणजे शरीराला त्याला हाकलता येईना,
तेव्हा त्याचं लग्न लावून दिलं
आणि घरजावई करून ठेवून घेतलं.

निवृत्तीला सोळा वर्षं झाली होती.
त्यांच्या बोगद्याचं तोंड सिमेंटनं बुजवलेलं.
पत्रात मात्र पाळी चालू,
तिसरी, रात्रीची.

आईनं पत्र दोनदा वाचलं.
मग एकच विचारलं,
काळजात किती?
मी पुन्हा पाहिलं.
तो रकाना नव्हता.

मला दिवस गेले तेव्हा
नर्सनं मानेमागची एक बट कापून नेली.
एक सेंटीमीटर म्हणजे साधारण एक महिना, म्हणाली,
आणि मुळापासून टोकाकडे मोजत
माझा उन्हाळा वाचून दाखवला:
इथे जुलै. इथे तुम्ही मासे खाल्लेत,
गावाच्या खालच्या अंगाचे.
खाल्ले होते. ट्राउट, लोण्यात परतलेला.
नदीच्या गाळात पाऱ्याला दुसरं रूप मिळतं,
मग तो किड्यातून माशात,
माशातून आपल्यात,
आणि नाळेपाशी येऊन थांबत नाही.
उरलेले महिने मी बटाटे खाल्ले
आणि कोणावरही रागावले नाही,
रागावले तर काय चढेल या भीतीनं.

अंगठी आईकडेच होती.
सोनार म्हणाला, तापवू,
पारा उडून जाईल, सोनं मागे राहील.
तिनं मूठ मिटली.
उडून जाईल म्हणजे कुठे?
कोणाच्या तरी नाकातच ना?

आता ती झाकणाच्या बाटलीत आहे,
बॉबिनांच्या डब्यात, दोऱ्यांखाली.
माझी तिंका कधी कधी ती कानाशी धरून हलवते.
वाजते, म्हणते.
मी तिला हात धुवायला सांगते.