भराव

रात्रीची वीज स्वस्त, म्हणून शिरोलीत
आमची भट्टी दहानंतर पेटते.
ऑफिसच्या काचेवर तांबूस उजेड हलत राहतो
आणि मी, शशिकला चौगुले,
सतरा वर्षं याच खुर्चीत,
मार्चअखेरचा ताळेबंद जुळवत बसते.

जर्मनीहून फॉर्म आलाय.
एक किलो कास्टिंगमागे धूर किती, राख किती, ते भरा.
श्रेणिक पुण्याहून शिकून आलाय, तो म्हणतो,
"मावशी, यापुढं लोखंडाला भाव नाही. आकड्याला आहे."
जिनगोंडा आण्णा नुसते हसतात.
त्यांनी पहिला रस ओतला भाड्याच्या शेडमध्ये, पायात साधी चप्पल.
नडगीवरचे डाग ते अजून
सर्टिफिकेट दाखवावं तसे दाखवतात.

भरा.
दिवसभर हेच एक क्रियापद.
हप्ता भरा, जीएसटी भरा,
मंडळाचं संमतीपत्र जूनमध्ये संपतंय, फी भरा,
साहेब येणार आहेत, टाकीत स्वच्छ पाणी भरा.
पलीकडं पोरं साच्यात रस भरतात,
क्षणभर सगळी शेड दिवाळी होते,
मग काळी वाळू उरते.

जळकी वाळू.
येताना तिला बिल असतं, चलन असतं, टनाचा दर असतो.
जाताना काहीच नसतं.
माझ्या वहीत एवढंच:
माती वाहतूक, रोख, बेचाळीसशे, सही सर्जेराव.

तिला भाजून पुन्हा वापरायचं मशीन येतं.
अठ्ठ्याहत्तर लाख.
बँक म्हणते, तारण काय?
श्रेणिकच्या शीटमध्ये पैसे सात वर्षांत फिटतात.
आण्णा शीट उलटी करून त्यावर पानाचा चुना पुसतात:
"शेजारचा किलोमागं दोन रुपयं खाली उतरतोय, बाळा.
त्याची वाळू रात्रीत वड्यात जात्या.
सात वर्सं मी काय खाऊ, तुझी शीट?"
दोघंही खरं बोलतात.
ताळेबंदाला अशा वेळी कुठली बाजू असते
ते मला कुणी शिकवलं नाही.

फॉर्मचा एकोणिसावा प्रश्न:
टाकाऊ वाळू, विल्हेवाटीचं ठिकाण.

खाली जाऊन इलाहीला विचारलं.
तो डंपरच्या चाकाला टेकून चहा पीत होता.
बोटं मोडत सांगू लागला,
जुनी खण, हायवेकडची सखल पट्टी,
पाटलाच्या विहिरीमागचा खड्डा,
मग थांबला, ग्लास खाली ठेवला.
"आन् तुमचा प्लॉट की, बाई. टोपचा. इसरलासा व्हय?"

विसरले नव्हते.
जागा खोलात होती, पाणी साचायचं.
आण्णांनी अठरा डंपर फुकट पाठवले,
मी हात जोडले,
आणि भाडं मीच माझ्या अक्षरात लिहिलं,
खातं: कर्मचारी कल्याण.

त्या भरावावर पाया, पायावर दोन खोल्या, गच्ची.
वास्तुशांतीला माझी ओटी भरली.
दारची जास्वंद तीनदा लावली, तीनदा करपली.
सासूबाई म्हणाल्या, नजर.
मीही मान डोलावली.
बोअरचं पाणी तोंडात घेतलं की
लहानपणी नाणं चोखल्यासारखं लागतं,
तरी आम्ही चूळ भरतो, आंघोळ करतो,
पिण्यापुरता जार विकत आणतो.

वर आले.
एकोणिसाव्या रकान्यात लिहिलं: टोप, गट नंबर दोनशे चौदा.
रकाना लाल झाला.
त्याला नाव चालत नाही, गाव चालत नाही,
फक्त आकडा, तोही टनात.

अठरा गुणिले दहा.
मी एकशे ऐंशी टाकले.
लाल गेलं. खाली बेरीज आपोआप बदलली,
कंपनीच्या नावासमोर माझं घर जमा झालं.

पाठवायचं बटण निळं आहे.
आण्णा दारात उभे, चष्मा कपाळावर.
"भरलास का गं फॉर्म?"

खाली इलाहीनं डंपर मागं घ्यायला सुरुवात केली,
तो पीं पीं आवाज
कुणाला तरी बाजूला व्हा म्हणत होता.