मधे कुणी नाही

आमच्या खाडीपर्यंत टॉवरची रेंज येत नाही.
चिलोएच्या या टोकाला निरोप होड्यांतून जातात.
दोन होड्या हाकेच्या अंतरावर आल्या
की फोन आपापसात बोलून घेतात,
आम्ही "काय गं, बरं ना" म्हणेपर्यंत.
माझ्या फोनात अर्ध्या गावाचं सामान:
बटाट्याचे भाव, बारशाचं आमंत्रण,
शिंपल्यांच्या दोरांवरून पेटलेलं भांडण,
आणि कुलूपबंद निरोप, मला न वाचता येणारे.
हमालानं पेटी उघडायची नसते.

मोठ्या कंपनीचं ॲप होतं तेव्हा
आमचं इंजिन बिघडायच्या आधी
नव्या इंजिनाची जाहिरात यायची.
काढून टाकलं. बरं झालं,
असं मी परवापर्यंत म्हणत होते.

परवा रोसामेल मिल्यालोंको
रात्री दोन घोट जास्त झाल्यावर
बहिणीला नको ते लिहून बसला,
आईच्या जमिनीवरून.
सकाळी माझ्या धक्क्यावर, चेहरा पडलेला:
"पूस."
पुसला. पण आदल्या संध्याकाळी
चिग्वायची होडी माझ्या होडीला खेटून होती.
चिग्वायनं पुसला. पण त्याचा मेहुणा
लाकडं घेऊन पहाटेच केइलेनला गेलेला.
"तक्रार कुठे करायची?"
कुठे करणार बाबा, कचेरीच नाही.
हेच तर हवं होतं ना आपल्याला?

मग तो निघाला
आपल्याच शब्दांच्या आधी पोचायला.
सहा तास, प्रवाहाच्या उलट.
एदुविनाच्या खिडकीतला दिवा दिसला
आणि तेव्हा कुठे त्याचा हात खिशाकडे गेला.
साऱ्या गावाकडून पुसून घेतलं,
स्वतःचंच पुसायचं राहिलं.
अजून वीस हात पुढे गेला असता
तर तोच पोस्टमन.

फोन बंद केला. पुसला मात्र नाही,
का ते त्यानं मला सांगितलं नाही.
वर गेला, सूप प्यायला,
आणि जे लिहिलं होतं ते तोंडानं बोलला,
त्यातलं अर्धं गाळून, की अर्धं वाढवून,
मला काय ठाऊक,
तो निरोप कुठल्याच होडीत चढला नाही.

मेहुणा दोन दिवसांनी तिकडे पोचला.
तिचा फोन वाजला असेल.
काल आपियाओहून माझ्याकडे एक गोण आली,
रोसामेलच्या नावाची, तोंड शिवलेलं.
जड होती.
मी नुसती चढवली होडीत.