मूठ

भात टाकण्याआधी आई एक मूठ तांदूळ काढते
आणि निळ्या डब्यात टाकते. चर्चचा डबा तो.
पाहुणे असोत, पिंप तळाला गेलेलं असो,
मूठ चुकत नाही.
ऐझॉलच्या आमच्या उतारावर सगळ्याच घरी असं.
शनिवारी आई न् मावशी दारोदार फिरून
त्या मुठींचं पोतं करतात,
आणि पोतं पाठीवर घेऊन पायऱ्या चढायला मी.

त्या मार्चात छपरावरची टाकी
टिचकी मारली की ढोलासारखी बोलायची.
नळ नवव्या दिवशी, तोही पहाटे,
तोही गुळणी टाकल्यागत.
तरुण संघाच्या सभेत लियानझुआला उठला,
एरवी गिटारच्या तारांपलीकडे न बोलणारा,
म्हणाला, "मूठ तांदळाचीच का? पाण्याची का नको?"
आम्ही खो खो हसलो.
पाण्याची मूठ कोण वळणार?

पण वळली.
आंघोळीच्या बादलीतला शेवटचा मग राखायचा,
तांदळाचं धुवण मोहरीच्या वाफ्याला,
भांड्यांचं पाणी संडासाला.
झोथनपारीने वहीत अकरा घरं मांडली.
मी ईस्टरच्या आदल्या रात्री
दोन बादल्या केसांवर ओतल्या
आणि वहीत एक लिहिली.
केस सुंदर सुटले होते.
उपासनेत मान वर करवेना.

मग खालच्या झऱ्याकडे वळलो.
आजोबांच्या वेळी सगळी वस्ती तिथूनच भरायची.
आता वरच्या प्रत्येक खिडकीने जे सोडलं
ते तिथे येऊन बसलेलं:
नूडल्सची पाकिटं, डायपर, डिशची गंजकी थाळी,
पाय मोडलेली एक खुर्ची.
चार शनिवार गेले.
पाचव्याला चर्चचे वडील, उपा चालथुआमा, काठी टेकत उतरले.
वाटलं, बायबलवर्ग चुकवला म्हणून बोलणार.
ते खुर्चीपाशी थांबले.
बराच वेळ.
"ही माझी," म्हणाले. "मीच ढकलली होती खिडकीतून.
तेव्हा वाटलं, खाली कुठे काय आहे."
आम्हाला हात लावू दिला नाही.
एकशे बारा पायऱ्या, खुर्ची त्यांच्या डोक्यावर,
काठी माझ्या हातात.
मध्ये तीनदा टेकले,
त्याच खुर्चीवर, तिरके.

झरा काही उसळला नाही.
चाळीस मिनिटांत एक बाटली भरते, तीही गढूळ.
लियानझुआला रोज जाऊन मोजतो.
काल एकोणचाळीस म्हणाला.
त्याच्या घड्याळाचा भरवसा नाही.

आणि आज संध्याकाळी
आईने मूठ डब्यात टाकली, तांदूळ धुतले,
ते दुधी पाणी मोरीत ओतायला नेहमीसारखी वळली,
थांबली,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"वाफा तुझा ना?
मग बादली कुठे ठेवलीस?"