टाचेचा कान

आमच्या कुळात कान चार असतात.
खालचे दोन टाचांत.
कुडतरमाळात लोक आम्हांला कानटाचे म्हणतात,
मराठीत हसून,
कानडीत जरा आवाज खाली घेऊन.

पाचवीच्या रात्री आत्या बाळ मागून घेते,
खळ्याच्या कडेला नेते,
ओल्या तांबड्या मातीत दोन्ही टाचा दाबून धरते.
बाळ रडलं तर ठीक.
गप्प झालं तर घरात कुजबुज सुरू होते:
ऐकतंय.

मी गप्प झाले होते म्हणे.

हे आत्याकडून भाचीकडे जातं,
जशी नथ जाते, जसा दमा जातो.
सातेरव्वा आत्यानं मला रताळ्याच्या सरीवर उभं केलं.
"पायातलं काढ. भुई बोलूलालीय."
कसलं बोलणं! आधी नुसती गुदगुली.
मग एका जागी जडपणा आला,
अंधारात शेजारी कुणी कूस बदलावी तसा.
"इथं," मी म्हणाले.
कुदळ मारली तर एकाच देठाला पाच,
मधलं मांजराएवढं.

मग शिकत गेले: उंदीर कुठं पोखरतोय,
वाळवीची वाट कुठल्या बांधाखालून,
कुठला वेल नुसता पानांचा तोरा मिरवतोय,
पाणी किती हात खाली निजलंय.
नियम एकच.
अनवाणी खोटं बोलायचं नाही.
टाच ऐकते तशी बोलतेही,
आणि भुईला ऐकलेलं विसरता येत नाही.

वाटणीच्या दिवशी पंच, उतारे, चहाची किटली.
धाकट्यानं आधी निवडायचं, ही रीत.
"तू सांग गं सुभद्रे, जिवंत पट्टी कुठली?"
मी चपला काढल्या.
वरची पोकळ होती. स्वच्छ ऐकू आलं,
रिकाम्या घागरीत फुंकर घालावी तसं.
दादा माझ्याकडे बघत नव्हता.
इतका बघत नव्हता, की मला कळलं.
"वरची घे, मोनाप्पा," मी म्हणाले,
"वरची गोड आहे."

चहा निवला होता.
दादाची मलप्रभा, आठ वर्षांची, तीही अनवाणी,
तिनं आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं,
मग माझ्या.

त्या रात्रीपासून भुईनं माझ्याशी अबोला धरलाय.

आता उद्यमबागेत कोअर शॉपला असते मी.
वाळूचे गाभे करते, पंपांच्या पोटात बसवायचे.
पायात कंपनीचे जाड बूट. खाली काँक्रीट.
त्याच्याही खाली कधी काळी भात होतं म्हणतात,
मला काही ऐकू येत नाही.
पण गंमत बघा,
ट्रॉलीवरून कास्टिंग जातं आणि टाच ठणकते.
आत ब्लोहोल असला की ठणकतेच, बुटातूनसुद्धा.
क्वालिटीचा शानभाग हातोडीनं ठोकतो, कान लावतो,
मग हळूच माझ्याकडे वळतो: "मावशी, हा?"
मी मान हलवते.
फोडला की आत पोकळी. वाटाण्याएवढी.
भरलेलं आता ऐकू येत नाही मला,
पोकळ तेवढंच ठेवलंय तिनं माझ्यापाशी.

दर नवरात्राला मोनाप्पा अर्धं पोतं पाठवतो,
खानापूरच्या बसमध्ये, कंडक्टरच्या ओळखीवर.
वरच्या पट्टीतली रताळी. बोटांएवढी.
चिठ्ठी नसते. फोनही नाही.
मी उकडते, मीठ न घालता,
उभ्या उभ्या खाते.
गोड असतात.
फार गोड असतात.

यंदा पोत्याबरोबर मलप्रभा आली.
मी नुकतीच शिफ्टवरून परतले होते.
तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या,
आत येऊन फरशीवर उभी राहिली, टाचा नीट टेकून,
कुणी पाटावर उभं राहावं तशी.
"कशी आहेस, आत्या?"

बूट अजून माझ्या पायात होते.
मी नाडी सोडायला खाली वाकले.